मूठभर जुना भुसा

१

माझी नणंद आयुष्यात कधी खोटं बोलली असेल, तर ती माझ्या हातच्या भाजीला चांगलं म्हणताना. त्यामुळे संचालकांनी भर बैठकीत तिच्यावर खोटे निष्कर्ष रचल्याचा ठपका ठेवला, हे ऐकल्यावर मी हातातली सुरी बाजूला ठेवली आणि आधी तिला खुर्चीवर बसवलं. ती रडत नव्हती. नुसती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

झालं होतं ते असं. पिवळा रंग बनवायला कारखान्यात एक भुकटी वापरतात. त्या भुकटीने कर्करोग होतो का, हे ती गेली दोन वर्षं पांढऱ्या उंदरांवर तपासत होती. निम्म्या उंदरांच्या खाण्यात भुकटी मिसळायची, निम्म्यांना तेच खाणं भुकटीशिवाय द्यायचं. पहिल्यांना ती भुकटीवाले म्हणायची, दुसऱ्यांना साधे. अलीकडे भुकटीवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या काखेत आणि पोटाखाली गाठी हाताला लागायला लागल्या होत्या. साधे मात्र मजेत होते. खात्रीसाठी बाहेरून एक तपासनीस डॉक्टर बोलावले. त्यांनी आज सगळ्यांदेखत, नणंदेने धरून दिलेला एकेक उंदीर चाचपला. भुकटीवाले सगळे धडधाकट निघाले. गाठी होत्या त्या साध्यांना.

संचालकांना एवढंच पुरे होतं. तिच्या नोंदी एक सांगतात आणि उंदीर भलतंच, म्हणजे नोंदी खोट्या. आठवड्याने समिती बसणार होती. तिथे भुकटी निर्धोक ठरली की कारखान्याचा मिश्रण विभाग दुप्पट मोठा होणार होता.

मिश्रण विभाग म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. माझा नवरा, म्हणजे तिचा दादा, त्या विभागात वर्षानुवर्षं पोती फोडत होता. संध्याकाळी घरी आला की त्याच्या भुवयासुद्धा पिवळ्या असायच्या आणि मी त्याला हळद लागली म्हणून चिडवायची. पुढे त्याच्या मूत्राशयात गाठ निघाली. तो गेला. त्यानंतर नणंदेने हातातलं सगळं काम सोडून ही भुकटी घेतली, आणि मी माझं घर सोडून तिच्याकडे राहायला आले. तिचं लग्न झालेलं नाही. एक विधवा, एक अविवाहित, दोघीही तिरसट, त्यामुळे आमचं छान जमतं.

"दादाच्या आजाराचं मनात धरून मी हे केलं, असं म्हणाले," ती म्हणाली. "सूड उगवायला."

मी गुरांची डॉक्टर आहे. जनावर खोटं बोलत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक. आणि ही बाईही बोलत नाही. म्हणजे दोघांच्या मध्ये कुणीतरी लबाडी केली होती.

"उंदीर बदललेत," मी म्हटलं.

तिने पहिल्यांदाच मान वर केली. "तेच तर. पण वहिनी, ते उंदीर परक्या माणसाला हात लावू देत नाहीत. कडकडून चावतात. ज्याने बदललेत, तो आमच्यातलाच आहे."

२

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर संस्थेत गेले. तिला प्राण्यांच्या खोलीत जायला बंदी होती, मला कुणी बंदी घातली नव्हती. पशुवैद्य म्हणून उंदरांची तब्येत पाहायला आले, असं दारावर ठोकून दिलं.

खोलीत अंधार आणि वर मिणमिणता लाल दिवा. उंदीर अंधारात जागे असतात आणि त्यांना लाल उजेड दिसत नाही, म्हणून तिथे दिवसाची रात्र केलेली असते. माणसं दिवसभर त्या लाल उजेडातच कामं करतात. डोळे सरावेपर्यंत मी एका बादलीला अडखळले. अंधारातून कुणीतरी हसलं. ते मामा होते.

मामा हे प्राण्यांच्या खोलीचे रखवालदार. सगळी संस्था त्यांना मामाच म्हणते. ते बोलायला लागले की थांबत नाहीत आणि त्यातलं निम्मं गाऱ्हाणं असतं. मी त्यांना बोलू दिलं. एका पिंजऱ्यात एक उंदीर. कोण कुठला हे कळावं म्हणून शेपटीवर शाईचे पट्टे, भुकटीवाल्यांना दोन आणि साध्यांना एक. बाकी सगळीकडे उंदरांचे कान कातरतात, पण इथल्या जुन्या सरांनी ते कधी होऊ दिलं नाही. उगाच मुक्या जिवाला कशाला दुखवायचं, असं सर म्हणायचे. शाई स्पिरिटने पुसते, हे मामांनी आपणहून सांगितलं आणि मग जीभ चावली.

"म्हणजे कुणीही पट्टे पुसून दुसरे काढू शकतं," मी म्हटलं.

"मी नाही काढले, डॉक्टरीणबाई."

पिंजरे धुण्याचा दिवस तपासणीच्या आदल्या दिवशी होता. मामांनी सकाळी सगळे पिंजरे धुतले आणि तळाला नवा लाकडाचा भुसा घातला. जुना भुसा? तो झाडून सगळा भट्टीत. एक काडी मागे ठेवायची नाही असा नणंदेचा हुकूम होता, कारण भुकटीवाल्यांच्या भुशात भुकटी सांडलेली असते आणि ती साध्यांकडे जाता कामा नये. पूर्वी असं नव्हतं, मामा म्हणाले, पण या प्रयोगापुरतं मॅडमनी फार कडक केलंय.

दुपारी ते आधी भट्टी पेटवायला गेले होते, भुसा नंतर न्यायचा होता. त्या वेळी खोलीत कुणीच नव्हतं. नणंदेची विद्यार्थिनी सभागृहात भाषणाची तालीम करणार होती आणि झाडून सगळे तिचं ऐकायला गेले होते.

"सगळे?" मी विचारलं.

मामांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला माहीत नाही वाटतं? त्या पोरीला त्याच रंगाच्या कारखान्यात नोकरी लागलीय. मॅडमना पत्ताच नाहीये."

३

ती पोरगी इतकी लुकडी की सगळे तिला पेन्सिल म्हणतात. मी तिला जिन्यात गाठलं आणि आडवळण न घेता नोकरीचं विचारलं. तिचा चेहरा उतरला. नोकरी लागली होती हे खरं. घरी आई अंथरुणाला खिळलेली, आणि शिष्यवृत्ती संपत आलेली. मॅडमना सांगायला धीर होत नव्हता, एवढंच. मी तिला म्हटलं की सांगून टाक, ती काही खात नाही. पण उंदीर तिने बदललेले असणं शक्यच नव्हतं. त्या दुपारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती व्यासपीठावर उभी होती आणि सगळी संस्था तिच्याकडे बघत होती. बिचारीला मध्येच उचकी लागली, हेही मला तीन जणांनी हसत हसत सांगितलं.

संचालकसाहेबांनी मला उभ्याउभ्याच वाटेला लावायचा प्रयत्न केला. मी खुर्ची ओढून बसले. त्या दुपारी ते तालमीला उशिरा आले होते. कुठे होता म्हणून विचारलं तर म्हणे कारखान्याच्या माणसांबरोबर जेवत होतो, आणि हे सांगताना त्यांना जराही लाज वाटली नाही. संस्थेची नवी इमारत कारखाना बांधून देणार होता. माणूस स्वार्थी होता, पण उंदराला भीत होता. कोपऱ्यात झुरळ निघालं तर पाय वर घेऊन बसला. हा चावऱ्या उंदरांना शेपटीने उचलून शाई पुसत बसेल, हे मला स्वप्नातही पटलं नसतं.

राहिले सर. त्यांचा विचार करायचं कारणच नव्हतं. उगाच सगळ्यांना विचारलं आणि त्यांना नाही, असं नको, म्हणून मी गेले.

सर म्हणजे नणंदेचे गुरू. ही संस्था त्यांनी उभी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रोज येतात, आपल्या जुन्या खोलीत बसतात, उंदरांच्या खोलीत चक्कर मारतात, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करतात. नणंदेला वडील आठवत नाहीत. तिचं जे काही वडिलांचं खातं होतं, ते सरांच्या नावावर होतं. माझ्या नवऱ्याला कारखान्यातली नोकरीही सरांच्याच शब्दामुळे लागली होती. तो गेल्यावर मी घर हलवलं तेव्हा सर स्वतः येऊन सामान बांधायला बसले होते. मी उशीचे अभ्रे धुवायला भिजवत होते, तर माझा हात धरून म्हणाले, त्याच्या उशीचा अभ्रा धुऊ नकोस, तसाच ने, नव्या घरात जुना वास लागतो, नाहीतर झोप येत नाही. मी तसाच नेला. तो अजून माझ्या कपाटात आहे. त्या दिवसापासून या माणसाविषयी माझ्या मनात फक्त माया होती.

मला पाहताच सर उठून उभे राहिले. नणंद जेवली का, असं आधी विचारलं. मग म्हणाले, तिला समजाव, माणूस आहे, दुःखात चूक होऊन जाते, तिने चूक मान्य करून टाकली तर समितीशी मी बोलेन. तालमीच्या वेळी ते वाचनालयात डुलकी काढत होते. तशी वयाची सवयच आहे, असं म्हणून ते स्वतःवरच हसले. मीही हसले.

बाहेर आले तर डोकं भणभणत होतं. चार माणसं, आणि चौघांपैकी एकही जमत नव्हता. मग मी जनावरांच्या डॉक्टरने सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. आजारी जनावर बघायचं ठरवलं. मामांना सांगून गाठ असलेल्या एका साध्या उंदराचा पिंजरा उचलला आणि व्हरांड्यात स्वच्छ उन्हात नेऊन ठेवला.

पांढऱ्या शुभ्र भुशाच्या कोपऱ्यात एक मूठभर भुसा नारिंगी होता.

४

मी मामांना हाक मारली. त्यांनी उकिडवं बसून तो भुसा बोटाने उकरला. असं भुकटीवाल्यांच्या पिंजऱ्यात होतं, ते म्हणाले. ती भुकटी पोटात गेली की उंदराचं मूत नारिंगी होतं आणि आठवड्याभरात भुसा रंगतो. साध्यांचा भुसा कधीच रंगत नाही. धुण्याच्या मोरीत पांढरा दिवा आहे, तिथे दर धुण्याला दिसतं. पण खोलीतल्या लाल दिव्याखाली नारिंगी आणि पांढरं सारखंच दिसतं. त्यामुळे आत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आम्ही एकेक पिंजरा बाहेर आणला. गाठ असलेल्या प्रत्येक साध्या उंदराच्या कोपऱ्यात तशीच एक मूठ. गाठ नसलेल्या साध्यांकडे नाही. आणि तो भुसा नुकता रंगलेला नव्हता. वाळून कडक झालेला, जुना होता. सकाळच्या धुण्यानंतर तो तिथे असायलाच नको होता.

म्हणजे उंदीर बदलले होते, हे आता उन्हासारखं स्पष्ट झालं. हे गाठवाले उंदीर मुळात भुकटीवाले होते. कुणीतरी त्यांना साध्यांच्या पिंजऱ्यात आणलं, पट्टे बदलले, आणि येताना प्रत्येकाबरोबर त्याच्या जुन्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा आणला. मामांनी भट्टीत नेण्यासाठी जुन्या भुशाच्या पिशव्या ज्याच्या त्याच्या पिंजऱ्याखालीच बांधून ठेवल्या होत्या, त्यातून काढून घेतला असणार.

"पण कशाला?" मामा म्हणाले. "चोरी करायची, वर पुरावाही ठेवून जायचा?"

मला ते कळलं. त्याने तो पुरावा म्हणून ठेवलाच नव्हता. तो हाताच्या सवयीने ठेवला होता. उंदीर नव्या जागी गेला की बावरतो, खातपीत नाही, कोपऱ्यात थरथरत बसतो. मूठभर जुना भुसा बरोबर दिला की स्वतःच्या वासाने शांत होतो. जिवाची काळजी करणारा माणूसच हे करतो. नणंदेने या प्रयोगात ते बंद केलं होतं. मामा तिचा हुकूम पाळत होते. पेन्सिल त्यानंतर आली, तिला हे माहीतच नव्हतं. साहेबांना उंदीर मेला काय आणि जगला काय.

तरी मी मामांना विचारलं. विचारायची इच्छा नव्हती, पण विचारलं. पूर्वी इथे जुना भुसा ठेवायची पद्धत कुणी घातली होती?

मामांनी उत्तर द्यायच्या आधीच मला माझ्या कपाटातला अभ्रा आठवला.

५

नणंदेला सांगितलं तेव्हा ती मला म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. मग तिने भुसा बोटांत घेऊन चुरगळला आणि उजेडात धरून पाहिला. शेवटी उठली, एका पांढऱ्या कागदावर तो भुसा घेतला आणि सरांच्या खोलीकडे चालायला लागली. मी मागोमाग गेले.

सर खिडकीपाशी बसले होते. तिने कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, चष्मा काढला आणि हळूहळू पुसत बसले. मी मनात म्हणत होते, रागवा, आम्हाला हाकलून द्या, हे काय घाणेरडं आणलंस म्हणून ओरडा.

"लाल दिव्यात दिसलं नाही," सर म्हणाले.

नणंद त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसली. विद्यार्थिनी असताना याच स्टुलावर बसायची, हे तिने मला शंभरदा सांगितलं होतं.

मग ते बोलत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो. तरुणपणी ती भुकटी त्यांनीच तपासली होती. थोडे उंदीर, थोडे महिने, तेव्हा तेवढंच करायची रीत होती. गाठी आल्या नाहीत. भुकटी निर्धोक आहे, असं त्यांनी लिहून दिलं आणि त्याच्या जोरावर कारखाना चालू झाला. माझा नवरा नोकरी शोधत होता तेव्हा तोही विचारायला आला होता, सर, तिथे काही अपाय तर नाही ना? सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, बिनधास्त जा.

"त्याचं दुखणं कळलं, त्याच दिवशी मला कळलं," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणी तपासलं असतं तर मी सोसलं असतं. तुझ्या हातून, तुझ्या दादासाठी... मला ते बघवेना."

त्यांना माहीत होतं. माझा नवरा दवाखान्यात तडफडत होता, हे रोज संत्री घेऊन येत होते, उशाशी बसत होते, आणि यांना माहीत होतं. तो गेल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून नशीब म्हणाले होते. मी त्या हाताखाली लहान मुलीसारखी रडले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, आज मिश्रण विभागात जी माणसं पोती फोडतायत, त्यांचं काय? त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते नणंदेशीच बोलत होते.

ते म्हणाले, अजून काही बिघडलेलं नाही. उंदीर परत जागच्या जागी ठेवता येतील. धुण्याच्या गडबडीत मामांकडून अदलाबदल झाली असं सांगू. मामा काय, आज ना उद्या घरी बसणारच आहेत. तुझा प्रयोग वाचेल, माझं नावही राहील.

मला वाटतं, तिला नेमकं तेव्हा कळलं. उंदीर बदलले यावर तिचा विश्वास बसला होता, त्याचं कारणही तिने ऐकून घेतलं होतं, पण तोवर ती त्यांची मुलगीच होती. मामांचं नाव निघालं आणि तिने स्टूल मागे सरकवलं.

"तेव्हा तुमची चूक नव्हती, सर," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला माहीतच नव्हतं. दादाला मी हे समजावून सांगितलं असतं, आणि त्याने तुम्हाला माफही केलं असतं. पण आता तुम्हाला माहीत होतं. मी उद्याच समिती बोलवायला लावते. तिला तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन."

सरांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नणंदेने समिती आधीच बोलावून घ्यायला लावली. सर आले नाहीत. बरं वाटत नाही असा निरोप आला. तिने सगळं सांगितलं, एकही नाव न गाळता, आणि सांगताना त्यांना सर असंच म्हणत राहिली. तपासनीस डॉक्टरांनी तो भुसा स्वतः तपासला. त्यात भुकटी सापडली. गाठी कुणाच्या, हे ठरलं. मिश्रण विभागाला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. साहेब मला जिन्यात भेटले आणि इमारतीचं काहीतरी पुटपुटले, पण मी थांबले नाही. पेन्सिलने नोकरीला नकार कळवला, आणि मग नणंदेने तिला आमच्याकडे जेवायला बोलावलं. मी भाजी केली. दोघींनीही चांगली झालीय म्हणून सांगितलं.

पेन्सिल गेल्यावर मी कपाट उघडलं आणि तो अभ्रा काढला. सरांची एकही आठवण घरात नको होती. मी बादलीत पाणी घेतलं, साबण टाकला, अभ्रा हातात घेऊन मोरीत उभी राहिले. एकदाच, शेवटचा, म्हणून नाकाशी नेला. दोन-अडीच वर्षांनंतरही शिवणीपाशी थोडासा वास होता. तो माझ्या नवऱ्याचाच होता.

नणंद दारात येऊन उभी राहिली होती.

मी बादलीतलं पाणी ओतून दिलं आणि अभ्रा घडी करून पुन्हा जागेवर ठेवला. माझ्यापाशी नवऱ्याचं जेवढं काही उरलंय, तेवढं मला त्या माणसामुळे राहिलंय. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.